नागिणीची गोळी आणि लाल पट्टी

डाव्या बरगडीखाली पाण्याच्या फोडांची रांग दिसली तशी मंगळवार पेठेतली आत्या म्हणाली, "नागीण हाय पोरा. तोंड-शेपूट जुळायच्या आत गेरू लाव." मी दवाखाना गाठला. ॲसायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केलेली बरी, म्हणून त्याच दुपारी तीनला पहिली गोळी घेतली.

दुसऱ्या दिवशी रात्री नऊला तळहात खाजायला लागले. अर्ध्या तासात मांड्यांवर रुपयाएवढ्या गांधी, आणि खालचा ओठ असा सुजला की पाणी पिताना ओघळायचं. जवळच्या इस्पितळात इंजेक्शन दिलं, तीन तास बसवून ठेवलं, सगळ्या गोळ्या बंद. नागिणीची गोळी बाधली, हे निदान मात्र माझं मीच केलं. येताना मेडिकलवाल्याला सांगितलं, तर त्यानं व्हॅलासायक्लोव्हिर पुढं केली, "ही वेगळी आहे." वेगळी कसली! पोटात गेली की तिचं ॲसायक्लोव्हिरच होतं. नशीब, सकाळी त्वचारोगाच्या मॅडमना दाखवेपर्यंत ती खिशातच राहिली.

मॅडमनी आधी विचारलं, दम लागला का, तोंडात फोड, डोळे लाल, ताप, कातडी सोलतेय का? तोंड सोललं असतं किंवा कातडी सुटली असती, तर ती गोळी परत द्यायचा विषयच नव्हता. मग म्हणाल्या, "पिशवी टेबलावर ओता काका. अजून काय घेतलंत?"

"काही नाही."

"अहो, ती लाल पट्टी?" बायको म्हणाली.

कळा सोसेनात म्हणून त्या रात्री आठला मी स्वतःच आणून डायक्लोफेनॅक घेतली होती. दाढ काढली तेव्हाही हीच होती, आणि दुसऱ्या दिवशी पापणी सुजली होती. तेव्हा जागरणावर ढकललं.

मॅडमनी कागदावर वेळा मांडल्या. ॲसायक्लोव्हिरच्या सात गोळ्या निमूट पचलेल्या, वेदनाशामक आठला, खाज नऊला. पण ॲलर्जी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही उपटते, त्यामुळं एवढ्यावर निकाल नाही. नवे फोड तर येतच होते, औषध हवंच होतं. मग इस्पितळात खाटेवर बसवून, ॲलर्जी जिवावर बेतलीच तर द्यायचं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन शेजारी तयार ठेवून, आधी गोळीचा दहावा भाग पाण्यात, तासाभरानं उरलेली. नर्स दर पंधरा मिनिटांनी रक्तदाब बघायची आणि मी आरशात ओठ. काही झालं नाही. रात्रीच्या इंजेक्शनचा अंमल असल्यानं हेही पक्कं नव्हे, असं मॅडमनी बजावलंच. पुढं ॲलर्जी दाबणारी खाजेची गोळी थांबल्यावरही ॲसायक्लोव्हिरचा कोर्स बिनबोभाट पुरा झाला, तेव्हा कुठं त्यांनी 'डायक्लोफेनॅकची ॲलर्जी' असं कार्डावर लिहून दिलं. त्याच्या भावकीतल्या आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिनसुद्धा विचारल्याशिवाय नकोत.

औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्णालाही करता येते, हे मला तिथंच कळलं. १८००-१८०-३०२४ हा टोल-फ्री नंबर. गोळीचं नाव, बॅच, कधी घेतली, काय झालं, एवढंच विचारतात. बॅच नंबर पट्टीवरच असतो, आणि आमची लाल पट्टी बायकोनं तोवर कचऱ्यात टाकली होती. बादली उपसून काढली.

गेरू काही मी लावला नाही. आत्याला अजून सांगितलेलं नाही.