सावंतवाडी ते जुने गोवे: क्रूसाच्या वाटेने

दर वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस सावंतवाडी आणि बांदा परिसरातून, तसेच बेळगाव आणि कारवारकडून, ख्रिस्ती भाविकांचे जथे पायी जुन्या गोव्याला निघतात. ३ डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियर यांचा, म्हणजे आमच्या ‘गोंयच्या सायबा’चा सण, आणि त्याआधीची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, २४ नोव्हेंबरला सुरू होते. कोणी नवस फेडायला चालतो, कोणी मुलाबाळांसाठी मागणे घेऊन जातो. मी निघाले ते नवऱ्याच्या दुखण्यासाठी, आणि मुख्यतः त्या दुखण्यात देव नेमका कुठे आहे, हा प्रश्न चालता चालता त्याच्यासमोर मांडता यावा म्हणून.

माझ्या नवऱ्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास, डायलिसिसच्या यंत्राला जोडलेले राहणे हा त्यांच्या जगण्याचा क्रम आहे. सुयांचे दुखणे त्यांनी अंगवळणी पाडून घेतले, पथ्याचेही ते काही बोलत नाहीत. पण तहान त्यांना सोसवत नाही. शरीरात साठणारे पाणी बाहेर पडत नसल्यामुळे डॉक्टरांनी दिवसाचे पाणी मोजून दिले आहे, आणि कोकणातल्या उन्हाळ्यात, दारात विहीर असताना, ओठ ओले करण्यापुरते पाणी हातावर घेऊन बसलेला माणूस पाहणे फार कठीण असते. त्यांना झोप लागली की मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिते, कारण त्यांच्यासमोर पेला तोंडाला लावायला माझे मन धजत नाही.

भेटायला येणारी माणसे प्रेमाने म्हणतात की देवाने तुम्हाला हा क्रूस दिला आहे, तो आनंदाने वाहा. त्यांच्या मायेविषयी मला शंका नाही, परंतु हे बोलणे मला मान्य नाही. माझ्या श्रद्धेतला देव वर बसून माणसांना क्रूस वाटत नाही. तो स्वतः देह घेऊन खाली आला, आमच्यासारखा रक्तामांसाचा झाला, आणि वधस्तंभाचे लाकूड त्याने आपल्या खांद्यावर घेतले. हा फरक मला जीवनमरणाएवढा मोठा वाटतो, कारण दुःख देणाऱ्याच्या पायाशी भीतीने जाता येते, पण ज्याने आपल्यासाठी दुःख सोसले त्याच्याजवळ सांत्वनासाठी जाता येते.

पत्रादेवीची हद्द ओलांडून आम्ही गोव्यात शिरलो तेव्हा जथ्यात रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना, सुरू होती, आणि दुःखाची पाच रहस्ये एकामागून एक म्हटली जात होती: गेथशेमाने बागेतली व्यथा, फटके, काट्यांचा मुकुट, क्रूस वाहणे आणि क्रूसावरचे मरण. पुढे कोलवाळच्या पुलाच्या अलीकडे आम्ही चालतच क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या क्रूसापर्यंतच्या शेवटच्या प्रवासाचे टप्पे आठवण्याची प्रार्थना, म्हटली. तिची चौदा स्थाने १७३१ मध्ये पोप क्लेमेंट बाराव्यांनी ठरवून दिली; त्यातले येशूचे तीनदा पडणे शुभवर्तमानात नाही, ते भाविकांच्या परंपरेतून आले आहे, आणि मला वाटते ते आणणारी माणसे आयुष्यात पुन्हा पुन्हा पडलेली असावीत. कुरेनेकर शिमोनाचे स्थान आले की मी नेहमी थबकते. तो शेतावरून येत होता. क्रूस त्याने मागितला नव्हता, शिपायांनी त्याला वेठीला धरले. आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या घरोघरच्या माणसांना हा शिमोन जवळचा वाटेल. त्याने ओझे हसतमुखाने उचलले असे मार्काने कुठेही लिहिलेले नाही, तरी ते उचलले गेले आणि येशूला तेवढी वाट हलकी झाली.

बाराव्या स्थानाला ऊन चांगलेच चढले होते. महामार्गावर सावली विरळ, घसा कोरडा, आणि वाटेतल्या एका घरासमोर कोणीतरी चालणाऱ्यांसाठी पाण्याची पिंपे भरून ठेवलेली. मी पेला भरून घेतला आणि नेमके त्याच वेळी पुढचा वाचक योहानाच्या शुभवर्तमानातले वाक्य वाचत होता: ‘मला तहान लागली आहे.’ हे शब्द मी लहानपणापासून दर गुड फ्रायडेला ऐकत आले आहे. त्या दिवशी मात्र मला आमच्या खोलीतला पलंग दिसला, आणि कोरड्या ओठांवरून जीभ फिरवणारा माझा माणूस. ज्याने समुद्र आणि नद्या निर्माण केल्या असे आम्ही मानतो, तो मरणाच्या घटकेला पाणी मागत होता, आणि त्याला मिळाला तो आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, बुडवलेला स्पंज. म्हणजे माझ्या नवऱ्याची तहान देवाला केवळ ठाऊक आहे असे नाही. ती त्याने भोगली आहे. मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसून रडले.

शेजारी एक वृद्ध बाई टाचेवरचा फोड धूत होत्या. मी का रडते, हे त्यांनी विचारले नाही. एवढेच म्हणाल्या, ‘तेका पण दुखलां होतां, गो बाय.’ पुष्कळ प्रवचने ऐकूनही माझ्यापर्यंत न पोहोचलेली गोष्ट त्या एका वाक्यात होती.

म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे येशूची आई मरियेच्या, चर्चमध्ये आम्ही विसावलो. या सायबिणीला हिंदू भाविकही तेल वाहतात, आणि आईकडे जाताना कोणी धर्म विचारत नाही याचे मला तिथे समाधान वाटते. तिच्यासमोर बसल्यावर आठवले की क्रूसाजवळ ती उभी होती, एवढेच योहान सांगतो. ती मुलाला खाली उतरवू शकली नाही, पाणीही देऊ शकली नाही, पण निघूनही गेली नाही. डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसणाऱ्या आम्हा बायकांना याहून वेगळे काय करता येते?

पणजी मागे टाकून रायबंदरचा सतराव्या शतकातला लांबच लांब बांध-रस्ता ओलांडला की पाय आपोआप उचलतात. जुन्या गोव्यात बॉम जेझू बासिलिकेत ज्यांच्या अवशेषांसाठी एवढी गर्दी लोटते, ते झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळील शांगच्वान बेटावर तापाने वारले. चीनमध्ये जाण्याची त्यांची इच्छा अपुरीच राहिली, आणि शेवटच्या घटकेला त्यांच्याजवळ अगदी मोजकी माणसे होती. संतांनाही मागितलेले सारे मिळत नाही, हे त्यांच्या चांदीच्या पेटीसमोर उभे राहून मला प्रथमच धीर देणारे वाटले.

मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, वेळी धर्मगुरूंनी भाकर उंचावून, तुमच्यासाठी दिले जाणारे हे माझे शरीर, हे शब्द उच्चारले, तेव्हा मला नवऱ्याच्या दंडावरचे सुयांचे व्रण आठवले, आणि पुनरुत्थित ख्रिस्ताने आपला शिष्य थोमा याला दाखवलेले हातांवरचे व्रणही. पुनरुत्थानाच्या गौरवातही त्याने ते पुसून टाकले नाहीत. ख्रिस्तप्रसाद घेऊन परतल्यावर मी नवऱ्याच्या बरे होण्याची प्रार्थना केली, अगदी स्पष्ट शब्दांत आणि जराही संकोच न बाळगता. हे दुखणे टळू दे, असे मागणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे, असे मला कोणी सांगितले तर मी ऐकणार नाही. गेथशेमानेत पुत्राने पित्याकडे दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितलेच होते, आणि ते एकदा नव्हे, तीन वेळा.