लिहिण्यावर पोट भरणारी माणसे

ब्लॉग लिहून ज्यांनी आपला चरितार्थ उभा केला, त्यांच्या मिळकतीचे आकडे मी फारसे पाहत नाही. मिळकत सुरू होण्याआधी, कोणी वाचते आहे की नाही याचीही खात्री नसताना, त्यांनी जी वर्षे न चुकता लिहीत काढली, त्या वर्षांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

अमित अग्रवाल यांचे उदाहरण मला सर्वांत जवळचे आहे. रुरकीच्या आयआयटीत संगणकशास्त्र शिकलेल्या या गृहस्थांनी २००४ मध्ये हैदराबादची नोकरी सोडली, आग्र्याला परतले आणि ‘डिजिटल इन्स्पिरेशन’ हा ब्लॉग सुरू केला. संगणक वापरताना सामान्य माणूस नेमका कुठे अडतो हे हेरून ते त्यावरचा तोडगा सोप्या इंग्रजीत लिहीत राहिले. गूगलची अॅडसेन्स योजना आदल्याच वर्षी आली होती; लेखाशेजारी जाहिरात झळकायची आणि तिच्या उत्पन्नातला वाटा लेखकाला मिळायचा. पुढे त्यांनी जीमेल आणि गूगल शीट्ससाठी स्वतःची साधने तयार केली, म्हणजे लेखनातूनच दुसरा व्यवसाय उभा राहिला. मला यातले आग्रा विशेष भावते. आमच्या सोलापुरात इंजिनिअर झालेल्या मुलाने सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुणे गाठायचे, हे घरोघरी इतके ठरून गेलेले आहे की गावात राहून जगभरच्या वाचकांसाठी काम करता येते, हे सांगितले तरी पटत नाही.

अर्थात सगळ्यांनाच जाहिरातींनी तारले असे नाही. अमेरिकेतील जेसन कॉटकी यांनी २००५ मध्ये नोकरी सोडून थेट वाचकांकडेच वर्गणी मागितली. वाचकांनी ती दिलीही, पण वर्षभरानंतर त्यांनी तो मार्ग सोडला. २०१६ मध्ये मात्र ते सभासद-वर्गणीकडे पुन्हा वळले. मूळच्या बल्गेरियाच्या मारिया पोपोव्हा यांनी २००६ मध्ये कचेरीतल्या सात सहकाऱ्यांना वाचनीय मजकुराची ईमेल पाठवायला सुरुवात केली आणि त्यातूनच त्यांचा ब्लॉग वाढला. तो चालतो वाचकांच्या देणग्यांवर आणि पुस्तकांच्या दुव्यांवरून वाचकाने खरेदी केली की मिळणाऱ्या कमिशनवर. त्या कमिशनवरून त्यांच्यावर टीकाही झाली. मला स्वतःला त्यात काही गैर वाटत नाही, कारण पुस्तक वाचून, त्यावर विचार करून लिहिणाऱ्याने दुकानदाराकडून चार पैसे घेतले तर बिघडले कुठे?

मराठीत लिहिणाऱ्याची वाट याहून खडतर आहे. अॅडसेन्सने हिंदीला २०१४ मध्ये प्रवेश दिला आणि मराठीला त्यानंतर काही वर्षांनी. शिवाय खात्यात शंभर डॉलर साचल्याखेरीज गूगल पैसे पाठवत नाही.

माझा भाचा सध्या या शंभर डॉलरच्या अलीकडेच आहे. तो यंत्रमागांच्या दुरुस्तीवर मराठीत लिहितो. चालत्या मागातून धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा भाग) बाहेर का उडतो, त्यातली कांडी, म्हणजे सुताची गुंडाळी, संपण्याआधीच धागा का तुटतो, टॉवेलच्या मागावर एका बाजूचे लूप आखूड का पडतात, अशा प्रश्नांवर तो मोबाइलने काढलेल्या छायाचित्रांसह सविस्तर लिहितो आणि लिहिण्यापूर्वी प्रत्येक गोष्ट कारखान्यातील जुन्या जाणत्या जॉबरकडून, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून, तपासून घेतो. (शेंगा चटणीसमोर उभे राहून डोळे विस्फारणाऱ्या रील्सच्या गर्दीत असे लेखन मला तरी फार मोलाचे वाटते.) एका लग्नात मावशींनी त्याला विचारले, “ते सगळं असू दे रे, पण नोकरी कुठं करालास?” त्याने शांतपणे मोबाइल काढून इचलकरंजी, मालेगाव आणि भिवंडीहून आलेले वाचकांचे प्रश्न त्यांना दाखवले. मावशींचे समाधान झाले नाही, आणि त्यांच्या काळजीतही तथ्य आहे, कारण घरभाडे वाचकांच्या कौतुकाने भागत नाही.

जाहिरातींचे उत्पन्न नगण्य असले तरी गेल्या महिन्यात भिवंडीच्या एका कारखानदाराने त्याचे लेख वाचून त्याला आपले माग पाहायला बोलावले आणि जाण्यायेण्याचा खर्च देऊन वर दोन दिवसांचा मेहनतानाही दिला. परत आल्यावर त्याने तिथल्या बिघाडावर लेख लिहिला, मालकाची परवानगी घेऊन आणि कारखान्याचे नाव गाळून.