सहा गावं, एक बेट आणि माझी सही

गेल्या महिन्यात दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मोठा चुलतभाऊ. घरच्यांची खुशाली झाली, पावसाचं झालं आणि मग म्हणाला, "यंदा येशील तेव्हा हक्कसोडपत्रावर सही करून टाक. तुम्ही काय, आता तिकडचेच."

दादा वाईट माणूस नाही. आजोबांच्या पश्चात कलमं त्यानेच जगवली आणि घराची कौलंही दर वर्षी तोच शाकारतो. पण "तिकडचेच" हा शब्द माझ्या छातीत रुतला तो रुतलाच.

नेमक्या त्याच आठवड्यात शेजारच्या आजींनी मदतीला बोलावलं. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून इंग्लंडहून इथे अमेरिकेत आलेल्या लोकांच्या वंशजांची एक संस्था आहे, १८९७ पासूनची. आजींना तिचं सभासद व्हायचंय. त्यासाठी स्वतःपासून त्या प्रवाशापर्यंत प्रत्येक पिढीचा जन्म, लग्न आणि मृत्यू कागदाने सिद्ध करावा लागतो. "आमच्या घरात असं सांगतात" हे तिथे चालत नाही. आजींचं जेवणाचं टेबल दाखल्यांनी भरून गेलं होतं. सगळे कागद पिढीवार लावताना मला दिसलं की त्यांच्या साखळीत तीन ठिकाणी दुवा लेकीचा आहे. आई, तिची आई, तिचीही आई. संस्थेला त्याचं काहीच वाटत नाही. लेकीकडून आलेला वंश मुलाकडून आलेल्या वंशाइतकाच धरतात.

मी अभिमानाने सांगितलं की आमच्या नाशिकच्या उपाध्यायांच्या वहीत नऊ पिढ्या लिहिलेल्या आहेत, गाव सांगितलं की पाच मिनिटांत पान निघतं. आजींना फार कौतुक वाटलं. त्यांनी विचारलं, "त्यात तुझं नाव आहे?" नाही. माझ्या भावाचं आहे. आमची वही वाईट म्हणून हे सांगत नाहीये. पूर, साथी, दुष्काळ यांतून टिकलेला तो कागद आहे, आणि त्या टेबलावरच्या पुष्कळ कागदांपेक्षा जुना आहे. पण त्यात माझं नाव नाही हेही खरंच.

आजींचा मूळपुरुष म्हणजे कॅप्टन माइल्स स्टँडिश, त्या जहाजातल्या लोकांनी वसवलेल्या प्लिमथ वसाहतीचा सेनापती. त्याच्यापर्यंत साखळी पक्की आहे. त्याच्या मागे मात्र अंधार. आईवडील कोण, माहीत नाही. जन्मगाव कुठलं, त्यावर वाद. १५८४ हे जन्मसालही अंदाजाचं. एवढा मोठा माणूस, इथल्या डक्सबरी गावच्या टेकडीवर ११६ फुटांचा त्याचा मनोरा उभा आहे, आणि बापाचं नाव कुणाला सांगता येत नाही.

त्याने मागे ठेवलाय तो एक दावा. मार्च १६५६ मध्ये त्याने मृत्युपत्र केलं आणि ३ ऑक्टोबरला तो गेला. थोरला मुलगा अलेक्झांडर याला त्याने इंग्लंडमधल्या जमिनी दिल्या: ऑर्म्सकर्क, बर्सकॉ, राइटिंग्टन, मॉडस्ली, न्यूबरो, क्रॉस्टन आणि आइल ऑफ मॅन. त्यात तो म्हणतो, या जमिनी वारसाहक्काने माझ्या आहेत, पण माझ्यापासून छुप्या रीतीने अडकवून ठेवल्या आहेत. माझे पणजोबा स्टँडिश गावच्या स्टँडिश घराण्यातले धाकटे भाऊ होते, असं त्यात लिहिलंय. हे वाचलं आणि मी खुर्चीत मागे टेकले. ही तर भाऊबंदकी! थोरली पाती, धाकटी पाती, दूर गेलेला भाऊ आणि त्याच्या हिश्शाचं काय झालं ते कुणी सांगत नाही. मृत्युपत्र लिहिताना त्याला इथे येऊन पस्तीसहून जास्त वर्षं झाली होती. पहिल्याच हिवाळ्यात बरोबरची निम्मी माणसं गेली, त्यात त्याची बायको रोझही. दुसरं लग्न झालं, मुलं झाली, इथे शेतजमीन झाली. तरी गावांची नावं एकेक करून पाठ होती.

जमिनीच्या आशेने पुढे वंशजांनी शोध घ्यायला लावला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांनी वर्गणी काढून इंग्लंडमध्ये, त्या गावांच्या लँकाशर परगण्यात माणूस पाठवला. चॉर्लीच्या चर्चमधली नोंदवही बाकी सगळी वाचता येत होती, फक्त १५८४ आणि १५८५ चं पान अजिबात लागत नव्हतं. कुणीतरी मुद्दाम घासून काढलंय, अशी त्यांची खात्रीच झाली. मला ती तितकी पटत नाही. आधी साल अंदाजाने धरायचं, मग त्याच सालाचं पान खराब निघालं की चोर शोधायचा! चर्मपत्र झिजतंही. पण आपलं नाव पुसलंय असं एकदा वाटलं की माणसाला झीज दिसत नाही, हात दिसतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लँकाशरच्याच एका धर्मगुरूने वेगळी वाट धरली. जन्मनोंद शोधण्याऐवजी त्याने मृत्युपत्रातली गावं जुन्या दस्तांशी ताडून पाहिली. त्या जमिनी ऑर्म्सकर्कच्या स्टँडिश शाखेतल्या थॉमस नावाच्या माणसाकडे होत्या असं निघालं. म्हणजे म्हातारा मनातून काही रचत नव्हता. मग माइल्स लँकाशरचा की त्या शाखेतून आइल ऑफ मॅनला गेलेल्या कुटुंबातला, यावर पुढे दोन्हीकडच्या अभ्यासकांनी वाद घातला, आणि तो मिटलेला नाही. मला स्वतःला बेटाची बाजू जड वाटते. नाहीतर सहा गावं सलग सांगून झाल्यावर त्याने समुद्रापलीकडचं बेट कशाला जोडलं असतं?

रविवारी आजींना घेऊन डक्सबरीच्या जुन्या दफनभूमीत गेले. लेक लोरा आणि सून मेरी यांच्याशेजारी मला ठेवा, असं त्याने लिहून ठेवलं होतं. ते वाचून मला तो जवळचा वाटायला लागला होता, म्हणून दुसरी गोष्टही सांगायलाच हवी. १६२३ मध्ये वेसागसेटच्या इंग्रज वस्तीत याच माणसाने आणि त्याच्या सोबत्यांनी पेक्सूट आणि विटुवामाट या मॅसॅच्युसेट जमातीच्या योद्ध्यांना मारलं, आणि विटुवामाटचं शीर प्लिमथच्या किल्ल्यावर लावलं. ज्या टेकडीवर त्याचा मनोरा आहे ती कुणाची होती, हे त्याच्या मृत्युपत्रात कुठेच नाही. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

घरी आल्यावर दादाला लिहिलं. कलमांचं उत्पन्न पूर्वीसारखं तूच घे, तसं कागदावर लिहून देते. घरदुरुस्तीला माझा वाटा पाठवते, मागचाही पाठवते. वाटणी मागायला मी येणार नाही. पण सातबाऱ्यावरचं नाव राहू दे. बाबांच्या पश्चात आईचं, भावाचं आणि माझं अशी तीन नावं एका फेरफाराने लागली आहेत, आणि गावातल्या कुठल्याही कागदावर माझं नाव फक्त तिथेच आहे. मी हाव धरलेली नाही, दादा.

त्याने वाचलंय. निळ्या खुणा दिसल्या. उत्तर अजून नाही. मे महिन्याची तिकिटं काढली आहेत.