आधी त्यांचं पत्र आणा! सायकल पट्ट्याच्या परवानगीचा अनुभव

२०२० च्या लॉकडाऊननंतर बसमध्ये चढायला लोक घाबरत होते आणि सायकली दुकानात मिळेनाशा झाल्या होत्या. त्याच सुमारास केंद्राच्या स्मार्ट सिटी मिशनची 'सायकल्स फॉर चेंज' स्पर्धा आली. १०७ शहरांनी नाव नोंदवलं, त्यांत आमचंही होतं. (शहर कुठलं ते लिहीत नाही, फाईल कुणाच्या टेबलावर होती ते लगेच कळेल.)

रस्त्यावर सायकलींसाठी वेगळा पट्टा आखायचा होता. सर्व्हे, नकाशा, रस्त्याची निवड सगळं भराभर झालं. अडलं ते ना हरकत पत्रावर. पालिका म्हणे, वाहतूक शाखेची ना हरकत आणा, मग पट्टा वेगळा करायला ट्रॅफिकचे कोन आणि रंग देतो. वाहतूक शाखा म्हणे, पालिकेनं मंजूर केलेला आराखडा आणा, मग बघू. मंजुरीच नाही तर मंजूर आराखडा आणायचा कुठून? साहेब राउंडला गेलेत. साहेब कंटेनमेंट झोनच्या बंदोबस्तात आहेत. साहेब क्वारंटाईन आहेत. हे शेवटचं खरं निघालं, त्यामुळे चिडताही येईना. अर्जावर सॅनिटायझर मारून घेणारा कारकून पोच मागितली की तोंड वाकडं करायचा. तरी पोच घ्याच. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या पीडीएफला आवक क्रमांक पडत नाही.

दप्तर दिरंगाई कायद्याप्रमाणे फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या ७ दिवसांहून जास्त पडून राहता कामा नये. स्मरणपत्रात तसं कलम १० सकट लिहिलं. उत्तर आलं नाही, पण फाईल सापडली! मग दोन्हीकडच्या साहेबांना एकाच सकाळी रस्त्यावर बोलावलं. २ मीटरचा पट्टा फक्की मारून आधीच आखून ठेवला होता. वाहतुकीच्या साहेबांनी बघताक्षणी विचारलं, "बस कुठे थांबणार?" प्रश्न रास्त होता, इतके दिवस कागदावर कुणालाच पडला नव्हता. थांब्याच्या मागून पट्टा वळवला आणि पाहणी अहवालावर तिथेच दोघांच्या सह्या घेतल्या. कुणाचं पत्र आधी, हा प्रश्नच उरला नाही. सही ओली असताना फोटो काढून ठेवला, इतका माझा विश्वास उडाला होता.

हो, दुकानदारांशी सगळ्यात आधी बोला, हे वरच सांगायला हवं होतं. दारातलं पार्किंग जातंय हे त्यांना कोन लागल्यावर कळलं तर दुसऱ्या दिवशी कोन दिसत नाहीत. तसेही रात्री उचलले जातातच, तेव्हा आत वाळू भरा.

साधा रंग पावसाळ्यात टिकत नाही. आमचा गेला तेव्हा पुन्हा ना हरकत लागेल म्हणाले. तोच अहवाल पुढे केला आणि रंगाचे डबे घेऊन आलो.