वीरगळ नोंदवही : ४१ नंबरची दुरुस्ती

वीरगळ म्हणजे वीराच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड. अशा दगडांच्या माझ्या वहीत मागच्या खेपेला ४१ नंबरपुढं मी 'युद्ध वीरगळ, तीन कप्पे, झीज भरपूर' असं ठोकून दिलं होतं. ते चुकलं. आजची नोंद त्या एकाच दगडाची.

दगड निलंगा तालुक्यात, एका मारुतीच्या पाराला टेकवलेला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. असले दगड रातोरात उचलून नेणारेही आपल्यासारखंच आवडीनं वाचतात. उंची ७८ सेंमी, रुंदी ४०, काळा बेसाल्ट, पाठ न घडवलेली. अंगावर शेंदराचे थर, आणि त्यावर कुणीतरी भक्तिभावानं चढवलेला चंदेरी ऑइलपेंट. या पेंटपायी उन्हाळ्यात माझं थ्रीडी मॉडेल फसलं होतं. ६४ फोटो काढले, पण चकाकणाऱ्या पृष्ठभागावर सॉफ्टवेअरला जुळणारे बिंदूच सापडेनात. मधला कप्पा वितळलेल्या मेणासारखा आला.

वरचे दोन कप्पे नेहमीचेच. माथ्याला कलश, कडेला चंद्रसूर्य, त्याखाली शिवलिंगापुढं बसलेला वीर, मधे त्याला वर नेणाऱ्या अप्सरा. खाली तलवार घेतलेला एकच माणूस. समोर शत्रू नाही, गायी नाहीत, घोडा नाही. मी लिहून मोकळा झालो : 'शत्रू झिजला आहे.'

यंदा येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, परत गेलो. अख्खं गाव शेतात, पार मोकळा, आणि रात्र अमावस्येची. तिरक्या उजेडात फोटो काढायला याहून चांगला दिवस नाही. (दुपारी शेतातल्या एका कोपीत, म्हणजे खोपीत, भज्जी, उंडे आणि तांब्याभर आंबील झालं, त्यामुळं कामाला लागायला अंमळ उशीरच झाला. कोपीत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडले होते. दिवसभर दगडांच्याच पाया पडत होतो म्हणा ना.)

मी बॅटरी नेहमी डावीकडून, खांद्याच्या उंचीवर धरतो. या वेळी धरायला शेजारचं एक पोरगं होतं. दहा मिनिटांत त्याचा हात भरून आला. "काका, अजून किती येळ?" म्हणत त्यानं बॅटरी खाली, दगडाच्या पायाशी टेकवली. उजेड खालून वर गेला आणि खालच्या कप्प्यातला माणूस पहिल्यांदा नीट दिसला. त्याचा डावा हात ढाल धरत नव्हता. तो डोक्यावर गेलेला होता, मुठीत स्वतःचेच केस. उजव्या हातातली तलवार समोर रोखलेली नव्हती, मानेमागं वळलेली होती. आणि मी ज्याला शत्रूचा झिजलेला पाय समजत होतो, तो एक छोटा चौथरा निघाला. त्यावर काहीतरी बसलेलं. देवी असावी, पण तिथला दगड फार गेलाय.

म्हणजे हा लढाईत पडलेला माणूस नव्हे. यानं स्वतःच्या हातानं शिर वाहिलंय.

आत्मबलिदानाच्या शिळा दक्षिणेत बऱ्याच आहेत. तमिळ भागात याला 'नवकंडम' म्हणतात. केस एका हातात, शस्त्र मानेवर, हीच ठेवण. कर्नाटकात वाकवलेल्या लवचीक खांबाला केस बांधून शिर उडवून घेण्याचं शिल्पही आढळतं. हळेबीडला होयसळेश्वर मंदिराजवळ कुवर लक्ष्म या सेनानीचा स्मारकस्तंभ आहे. होयसळ राजा दुसरा वीर बल्लाळ गेल्यावर त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी प्राण दिले. तिथं राजनिष्ठा, इथं बहुधा देवीचा नवस. 'वीरगळ' हा शब्दच 'वीरकल्लु' या कानडी शब्दावरून आलेला, आणि कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी, आजचं बसवकल्याण, निलंग्याहून फार लांब नाही. अशी शिळा इकडं मिळाली यात नवल नाही. नवल मी ती ओळखली नाही याचं.

काळाचा रकाना कोराच ठेवलाय. अक्षर नाही, तारीख नाही. प्रत्येक दगडापुढं 'यादवकालीन' लिहायची आपल्या मंडळींना खोडच आहे, मलाही होती.

खरी अडचण 'प्रकार' या रकान्याची. त्यात माझे तीनच पर्याय होते : युद्ध, गोग्रहण (गायी राखताना आलेलं मरण), सती. चौथा घालायचा तर शब्द कोणता? 'हुतात्मा' म्हटलं की आपल्याकडं मुक्तिसंग्राम आणि रझाकार डोळ्यापुढं येतात. शिवाय हुतात्म्याला दुसरं कुणी मारतं. दुसऱ्या दिवशी पारावरच्या एका मामांना फोटो दाखवला. ते बराच वेळ बघत बसले. "आमी तर ह्येला वीर म्हणूनच नारळ फोडतोत," म्हणाले. "आता काय नारळ बंद करायचा का?" मी कशाला बंद करा म्हणतोय. फक्त पुन्हा ऑइलपेंट लावू नका, एवढं तेवढं सांगून आलो. सध्या रकान्यात 'आत्मबलिदान' लिहिलंय.

आणखी एक. खडू किंवा पीठ चोळून रेषा उठवायचा मोह मलाही झाला होता. नका करू, बॅटरी खाली ठेवली की काम होतं.

जुनी वही चाळली तर १२ आणि २९ नंबरलाही मी 'शत्रू झिजला आहे' असंच लिहिलेलं निघालं. २९ तर औराद रस्त्यालाच आहे. पुढच्या अमावस्येला आधी तिकडं जातो. कंटाळणारं पोरगं मिळालं तर बरं.