जाहिरातींचा शोध, महिना तिसरा: लोगोचा नाद सोडला

मागच्या वेळी मी छातीठोकपणे लिहिलं होतं की आता कॉमस्किपच्या (रेकॉर्डिंगमधल्या जाहिराती शोधणारा प्रोग्राम) सेटिंग फाइलमधले दोन-चार आकडे इकडेतिकडे केले की झालं. शब्द मागे घेतो.

नव्यांसाठी थोडक्यात: गच्चीवर फ्री डिशची छत्री (जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व), खाली यूएसबी ट्यूनर, जुन्या डेस्कटॉपवर टीव्हीहेडएंड हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम. आईची संध्याकाळची मालिका रेकॉर्ड होते, जेवणं आटोपली की ती कोडी या प्लेअरवर बघते. जाहिराती पळवताना हमखास सीन ओलांडून पुढे जाते आणि मग मला हाका सुरू. एवढ्यासाठी हा खटाटोप.

आधी काळ्या फ्रेम, दोन जाहिरातींच्या मध्ये असतील या आशेनं. एफएफएमपेग या व्हिडिओच्या साधनातलं काळोख शोधणारं ब्लॅकडिटेक्ट चालवलं, तर अख्ख्या भागात एकही सापडली नाही. कमांड चुकली असं वाटून तासभर घालवला. मग कळलं, काही सांगितलं नाही तर ते सलग २ सेकंदांचा काळोख शोधतं. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणून ०.०४ वर आणलं, म्हणजे एक फ्रेम. आता सापडायला लागल्या, पण बहुतेक मालिकेतल्याच. कुणीतरी चक्कर येऊन पडतं, पडदा काळा. जाहिरातींच्या मध्ये मात्र काहीच नाही. साबण संपला की पुढच्याच फ्रेमला मसाला.

लोगोवर माझी खरी भिस्त होती. कॉमस्किप एकाच जागी टिकून राहणाऱ्या कडा शोधून लोगो ओळखतं, ते काम झकास करतं. पण मी रेकॉर्ड करतो त्या वाहिनीवर कधी लोगो जाहिरातीतही तसाच राहतो, आणि मालिका चालू असताना एल आकाराची जाहिरात आली की चित्र आक्रसतं नि लोगो जागेवरून सरकतो. गेल्या आठवड्यात नेमका तोच तुकडा उडाला. "अरे, सासूनं पाकिटात काय बघितलं ते कुठंय?" मी ईडीएल फाइलमध्ये (कुठल्या भागाचं काय करायचं याची यादी) कृतीचा आकडा ० ठेवला होता, म्हणजे सरळ काट. आता ३ केलाय. कोडी तेवढा भाग आपणहून ओलांडतं, पण मागे नेलं तर बघता येतो.

मग एका रात्री भांडी घासताना लक्षात आलं की हॉलमधली जाहिरात मला पाठ आहे. टीव्ही दिसत नव्हता, नुसता आवाज ऐकून मी पुढची ओळ म्हणत होतो. जाहिरातीची खोड हीच, ती परत परत येते. मालिकेतला संवाद येत नाही.

म्हणून आवाजावरून ओळख पटवणारं क्रोमाप्रिंट. त्याचं एफपीकॅल्क आवाजाचे ठसे काढतं, सेकंदाला साधारण ८, प्रत्येक ठसा ३२ बिटांचा, म्हणजे ३२ शून्य-एकांचा. अर्ध्या तासाचे साडेचौदा हजारांच्या आसपास होतात. (पहिल्यांदा हजारही आले नाहीत, कारण लांबी दिली नाही तर ते पहिली १२० सेकंदंच वाचतं. लांबी ० द्या, म्हणजे पूर्ण वाचतं.) दोन ठसे एकमेकांवर ठेवून वेगळे बिट मोजायचे. असंबंधित आवाजात १६ च्या आगेमागे निघतात. एकाच वॉशिंग पावडरच्या सोमवार-मंगळवारच्या जाहिरातीत माझ्याकडे बहुतेक जागी २-३ निघाले. मी सरासरी ८ च्या आत आणि सलग ८ सेकंद अशी अट ठेवलीय. त्यापेक्षा छोटं घेतलं की मालिकेतलं धाड-धाड-धाड पार्श्वसंगीतही जाहिरात ठरतं.

परत येणाऱ्या इतरही गोष्टी आहेतच. शीर्षकगीत हातानं यादीत घालून वगळलं. 'मागील भागात' फक्त कालच्या रेकॉर्डिंगशी जुळतं, म्हणून निदान तीन वेगळ्या दिवसांत सापडल्याशिवाय जाहिरात मानायचं नाही. अगदी नवी जाहिरात यातून सुटते, पण ती दोन ओळखीच्या जाहिरातींत चेंगरलेली असते. मधली फट मिनिटाच्या आत असेल तर तीही धरतो. शेवटी बेरीज बघायची. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे, १० जाहिरातींची आणि २ वाहिनीच्या स्वतःच्या प्रोमोंची. कोण किती पाळतं ते सोडा, पण अर्ध्या तासात १५ मिनिटं निघाली तर चूक माझीच, तो भाग तपासायला बाजूला.

गेल्या नऊ भागांत दोनदाच गडबड झाली. एल आकाराच्या जाहिरातीनं आता काही बिघडत नाही, तेव्हा आवाज मालिकेचाच असतो.

नवं दुखणं प्रोमोंचं. तेही परत येतात, म्हणून तेही गेले. आई म्हणाली, "मग महाएपिसोड कधी आहे हे मला कळणार कसं?" बरोबर आहे. आता प्रोमोंची वेगळी यादी करतोय, १४ झालेत. त्यांचा आवाज शेवटची तीन सेकंदं सोडून रोज तोच. फक्त 'येत्या रविवारी'चं 'उद्या' होतं.