मल्टी-इंजिन रेटिंग: एक इंजिन बंद पडल्यावरची सगळी मेहनत

दोन्ही इंजिनं चालू असताना विमान हाताळणं लवकर जमतं. या रेटिंगचा (एकाहून जास्त इंजिनांचं विमान उडवण्याच्या पायलटच्या परवान्याचा) खरा अभ्यास एक इंजिन बंद झाल्यावर सुरू होतो. ताकद निम्मी जाते, पण चढण्याची क्षमता ८० टक्के किंवा त्याहूनही जास्त घटते, कारण उरलेली बहुतेक ताकद विमान नुसतं समतल ठेवण्यातच खर्ची पडते.

इंजिन गेल्यावर ठरलेल्या क्रमाने करायच्या कृतींचं ड्रिल मी जमिनीवर, बंद कॉकपिटमध्ये बसून हाताला लावून घेतलं. आधी रडरने (शेपटीवरचं, पायांनी चालवायचं सुकाणू) दिशा धरायची आणि नाक थोडं खाली करून ब्लू लाइनचा वेग, म्हणजे एका इंजिनावर सर्वात चांगलं चढता येणारा वेग, सांभाळायचा (पायपर सेमिनोल या दोन इंजिनांच्या विमानात ८८ नॉट). मग मिक्स्चर (इंधन-हवेचं प्रमाण), प्रॉप (प्रोपेलरच्या पात्यांचा कोन), थ्रॉटल (ताकद) या सगळ्यांचे लिव्हर पुढे. फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) आणि चाकं वर. ज्या पायाला जोर लावावा लागत नाही, त्या बाजूचं इंजिन गेलेलं असतं.

इथे गेजवर विसंबू नये. वाऱ्याने फिरणारा प्रोपेलर आरपीएम जवळपास नेहमीसारखा दाखवतो आणि मॅनिफोल्ड प्रेशरही (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) फसवतं. म्हणून संशयित बाजूचा थ्रॉटल सावकाश मागे घ्यायचा. काहीच फरक पडला नाही तर ओळख बरोबर. घाई होते ती नेमकी इथे, आणि चांगलं इंजिन बंद करण्याची चूक इथेच घडते. मला विचाराल तर संपूर्ण ड्रिलमध्ये हीच पायरी सर्वात मोलाची.

खात्री झाली की प्रॉप लिव्हर फेदरमध्ये (पाती वाऱ्याला कडेने, म्हणजे रोध कमीत कमी), मग मिक्स्चर बंद. फार रेंगाळायचंही नाही: सेमिनोलमध्ये आरपीएम ९५० च्या खाली गेला की आतल्या पिना अडकतात आणि पाती फेदर होतच नाहीत.

यानंतर चालू इंजिनाकडे २-३ अंश बँक (पंखांचा कल) ठेवायचा, बॉल (विमान तिरकं घसरतंय का ते दाखवणाऱ्या उपकरणातली गोळी) त्याच बाजूला साधारण अर्धा सरकलेला. पंख समतल आणि बॉल मध्यभागी ठेवला तर सगळं ठीक वाटतं, पण विमान तिरकं घसरत असतं आणि ड्रॅग (हवेचा रोध) वाढतो.

व्हीएमसी म्हणजे एका इंजिनावर दिशा ताब्यात ठेवता येणारा किमान वेग. त्याच्या डेमोत दिशा सुटू लागली किंवा स्टॉलचा (पंखांची उचल तुटण्याचा) इशारा वाजला की लगेच चालू इंजिनाचा थ्रॉटल कमी करून नाक खाली. टर्बो नसलेल्या इंजिनांत उंचीबरोबर व्हीएमसी घटतो, स्टॉलचा दर्शवलेला वेग मात्र तोच राहतो. म्हणून उंचावर स्टॉल आधी येऊ शकतो. असमान ताकदीत तो आला तर विमान स्पिनमध्ये (गिरक्या घेत खाली) जातं.

टेकऑफआधी ब्रीफिंग मोठ्याने म्हणायचं: चाकं खाली आहेत आणि पुढे धावपट्टी शिल्लक आहे तोवर इंजिन गेलं, तर दोन्ही थ्रॉटल मागे.

एका इंजिनावर उतरताना रडर ट्रिम (पायाचा जोर हलका करण्यासाठी रडर एका बाजूला धरून ठेवणारी सोय) शेवटच्या टप्प्यात मध्यभागी आणावा. नाहीतर थ्रॉटल कमी करताच ट्रिमच विमानाला चालू इंजिनाच्या बाजूला ओढतो.